निदान : अनुभवी हातांनी पुन्हा गिरवावयाचा धडा



वार्षिक अहवालात हिशेब आणि आकडेवारी यांच्याबरोबर रुग्णसेवेच्या एखाद्या अंगाची ओळख करून देणारा अभ्यासलेख द्यावा, असा आपला परिपाठ आहे. यंदाचा विषय डोळ्यांना दिसणारा नाही. नवे यंत्र आले की त्याचे छायाचित्र छापता येते, नव्या कक्षाची फीत कापता येते, भिंतीवर देणगीदारांच्या नावाचा फलक बसविता येतो. वीस-पंचवीस वर्षे रुग्णसेवा केलेले डॉक्टर आणि परिचारिका दर पंधरवड्यास एका दुपारी वही-पेन घेऊन एकत्र बसतात, याचे छायाचित्र घेतले तरी त्यातून फारसे काही समजणार नाही. शिवाय त्या दुपारी बाह्यरुग्ण विभागाचे दोन तास खर्ची पडतात आणि रांगेतील माणसांना थांबावे लागते. त्यामुळे विश्वस्तांच्या बैठकीत विचारला गेलेला प्रश्न अगदी रास्त होता : ज्यांनी उभे आयुष्य रोगी तपासण्यात घालविले, त्यांना रोगी तपासण्याचेच शिक्षण पुन्हा कशासाठी? त्याचे उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नाही, म्हणून हा लेख.

प्रथम एक प्रसंग पाहू. तो कोणा एका रुग्णाचा नव्हे. पावसाळ्यात ग्रामीण भागातून ऐकू येणाऱ्या हकीकतींवरून अभ्यासवर्गासाठी तो रचलेला आहे. चौतीस वर्षांचा एक शेतमजूर रात्री जेवून घरातच जमिनीवर सतरंजी टाकून झोपतो. पहाटे तीनच्या सुमारास पोटातील कळेने त्याला जाग येते. एकदा उलटी होते. घरातील माणसे ओवा आणि गरम पाणी देतात. उजाडल्यावर गावातील डॉक्टर पोट तपासतात. ते मऊ लागते, म्हणून आम्लपित्तावरील इंजेक्शन देतात. आठ वाजता त्याच्या पापण्या जड झालेल्या दिसतात. रात्रभर जागरण झाले, तेव्हा असे होणारच, असे सर्वांना वाटते. दहा वाजता बोलणे नाकातून येऊ लागते, पाणी गिळताना ठसका लागतो. अंगावरून वारे गेले असावे, असे म्हणत नातेवाईक त्याला तालुक्याच्या गावी नेतात. तेथून मेंदूच्या विकाराची शंका नोंदवून त्याला मोठ्या रुग्णालयात पाठविले जाते. सिटी स्कॅन होतो. त्यात दोष दिसत नाही. दुपारपर्यंत श्वास उथळ झालेला असतो.

या माणसाला मण्यार चावलेली आहे. मण्यारीचे दात बारीक असतात. दंशाच्या जागी सूज येत नाही, वेदना जवळजवळ नसते, पुष्कळदा खूणही सापडत नाही. झोपेतल्या माणसाला आपल्याला काही चावले, हेच ठाऊक नसते. तो सापाविषयी काही बोलत नाही आणि म्हणून त्याला कोणी विचारीतही नाही. हे विष मज्जातंतू आणि स्नायू जेथे एकत्र येतात तेथे काम करते. आधी पापण्या, मग जीभ आणि घसा, शेवटी श्वासाचे स्नायू दुबळे होतात. पुढच्या अवस्थेत डोळ्यांच्या बाहुल्याही प्रकाशाला प्रतिसाद देईनाशा होतात आणि मेंदू मृत झाला असे वाटावे इतके शरीर निश्चल होते. प्रत्यक्षात रुग्ण शुद्धीवर असू शकतो. उशाशी चाललेले बोलणे त्याला ऐकू येत असते. प्रतिविष वेळेवर मिळाले आणि व्हेंटिलेटरवर श्वास सांभाळला गेला, तर काही दिवसांत हाच माणूस आपल्या पायांनी घरी जाऊ शकतो. स्नायू पूर्ण लुळे पडल्यानंतर मात्र प्रतिविष ते नुकसान झटपट मागे फिरवू शकत नाही. म्हणून पहाटे तीन ते दुपार हे तास मोलाचे.

या हकीकतीत निष्काळजी असे कोणीच नाही. ज्याच्यापुढे जो तुकडा आला, त्यावरून त्याने वाजवी तर्क केला. पोटदुखी पाहणाऱ्याने पोटाचा विचार केला, पापण्या पाहणाऱ्याने मेंदूचा. ‘रात्री कोठे झोपला होता?’ हा प्रश्न विचारला गेला असता तर सारे तुकडे एका जागी बसले असते. या प्रश्नाला पैसे पडत नाहीत, यंत्र लागत नाही. पहाटेची पोटदुखी आणि जड पापण्या एकत्र दिसताच तो प्रश्न ओठांवर यावा, एवढ्यासाठीच शिक्षण हवे.

अनुभव एकटा पुरत का नाही

अनुभवी डॉक्टर पुष्कळदा तर्क करीत बसत नाहीत, ते ओळखतात. ओळखीचा माणूस चेहरा दिसण्यापूर्वीच चालीवरून ओळखावा, तसा त्यांना रोग ओळखू येतो. हे कौशल्य फार मोलाचे आहे. ते नसते तर सकाळच्या गर्दीत शंभर रुग्ण तपासून होणे अशक्य झाले असते. मात्र जी मनाची सवय बहुधा बरोबर ठरते, तीच काही वेळा ठरावीक पद्धतीने फसते. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन यांनी १९७४ साली हे एकंदर मानवी निर्णयांविषयी दाखवून दिले, आणि पुढे कॅनडातील आकस्मिक चिकित्सेचे डॉक्टर पॅट क्रोस्केरी यांनी तो विचार रुग्णाच्या खाटेपर्यंत आणला. आर्थर एल्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९७८ सालचा अभ्यास तर आणखी एक गोष्ट सांगून गेला. डॉक्टरांच्या मनात पहिल्या काही मिनिटांतच दोन-चार शक्यता उभ्या राहतात, आणि एका रुग्णाबाबत अचूक ठरलेले डॉक्टर दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाबाबतही तितकेच अचूक ठरतील असे नाही. निदानाची हुशारी ही सरसकट अंगी येणारी गोष्ट नाही. ती रोगागणिक कमवावी लागते.

येथे अडचण आहे ती उत्तराची. पंगतीत आमटी खारट झाली तर आचाऱ्याला ते त्याच दिवशी कळते. पाने उठल्यावर कोणीच काही न सांगता निघून गेले, तर तो वीस वर्षे तशीच आमटी करीत राहील आणि स्वतःस अनुभवी म्हणवील. बाह्यरुग्ण विभागात असेच घडते. औषध लागू पडले नाही असा रुग्ण पुष्कळदा परत येत नाही. तो दुसरीकडे जातो. पहिल्या डॉक्टरांच्या मनात मात्र तो बरा झालेल्यांत जमा होतो. अनुभव वाढत जातो, आत्मविश्वास वाढत जातो, पण त्या दोहोंना तपासून पाहणारे उत्तर येत नाही.

हे केवळ अनुमान नव्हे. नितीश चौधरी आणि सहकाऱ्यांनी २००५ साली डॉक्टरांच्या सेवेची वर्षे आणि उपचारांचा दर्जा यांच्या संबंधाविषयीची ६२ प्रकाशित मूल्यमापने एकत्र पाहिली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक मूल्यमापनांत, सेवेची वर्षे वाढतात तसा दर्जा उतरत गेल्याचे आढळले. अमेरिकेत २०१३ साली हार्दीप सिंग यांच्या गटाने प्रसिद्ध केलेला अभ्यास आम्हांस अधिकच विचारात पाडणारा वाटला. त्यात ११८ डॉक्टरांना काही सोपी आणि काही अवघड रुग्णवृत्ते देण्यात आली. सोप्यांत ५५ टक्क्यांच्या आसपास निदाने बरोबर आली, अवघडांत ६ टक्क्यांहूनही कमी. आपल्या उत्तराविषयी वाटणारी खात्री मात्र दहापैकी ७.२ वरून केवळ ६.४ पर्यंत खाली आली. म्हणजे उत्तर बहुधा चुकलेले असतानाही आतून तसे जाणवत नव्हते. वयोवृद्ध आणि अधिकारी व्यक्तींना ही आकडेवारी दाखविताना थोडा संकोच वाटतो. पण ती दाखविल्यावाचून वर्गाला सुरुवात करता येत नाही.

अनुभवाला उत्तर मिळाले म्हणजे काय होते, याचे उदाहरण शोधण्यास महाराष्ट्राबाहेर जाण्याची गरज नाही. महाडच्या परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर लाल विंचवाने दंश केलेल्या रुग्णांच्या उशाशी बसून राहिले. कोणाला किती घाम सुटला, हातपाय केव्हा गार पडले, उलटी कोणास झाली आणि पुढे कोणाचे हृदय अडचणीत आले, याची टिपणे त्यांनी ठेवली. धोका ओळखण्याच्या या पूर्वखुणा १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाल्या, पुढे प्राझोसिन या औषधाच्या वापराचा मार्ग त्यांनी घालून दिला. विंचवाचे रुग्ण कोकणातील इतर डॉक्टरही पाहतच होते. खूण आणि परिणाम यांची गाठ कागदावर बांधली गेली, तेव्हा त्या अनुभवाचे ज्ञान झाले.

वर्ग कसा चालतो

या वर्गात व्याख्यान नसते. व्याख्यानांची सोय इतरत्र भरपूर आहे. २००२ सालच्या आचारनियमांनी डॉक्टरांसाठी दर पाच वर्षांत ३० तासांच्या निरंतर शिक्षणाची अपेक्षा ठेवलेली आहे, आणि ते तास सभागृहात बसून भरता येतात. येथे एका रुग्णाची हकीकत तुकड्यातुकड्याने पुढे येते. पहिल्या तुकड्यात केवळ वय, व्यवसाय आणि तक्रार. ती ऐकून प्रत्येकाने आपल्या कागदावर तीन शक्यता आणि आपली खात्री दहापैकी किती, हे लिहावयाचे. मग पुढचा तुकडा. आधीचे लिहिलेले खोडता येत नाही. या नियमाला कारण आहे. निकाल कळल्यावर ‘मला हे आधीच वाटले होते’ असे प्रत्येकाला अगदी प्रामाणिकपणे वाटते. १९७५ साली बारूख फिशहॉफ यांनी मनाची ही खोड प्रयोगाने सिद्ध केली. कागद साक्षीला असला की ही सोय राहत नाही.

बोलण्याचा क्रमही ठरलेला आहे. सर्वांत कनिष्ठ व्यक्ती प्रथम बोलते, विभागप्रमुख सर्वांत शेवटी. परिचारिका यात श्रोत्या म्हणून येत नाहीत; त्या डॉक्टरांइतक्याच शक्यता लिहितात. रात्रपाळीत आठ तास रुग्णाजवळ असणाऱ्या सिस्टरना ‘आज हा माणूस कालच्यासारखा वाटत नाही’ हे प्रथम कळते, आणि त्या वाक्याला वैद्यकीय भाषेत वजन कसे द्यावे, हा त्यांच्या अभ्यासाचा भाग असतो. ‘काल तो स्वतः उठून बसत होता, आज दोघांनी धरावे लागले आणि श्वास मिनिटाला २८ आहे’ असे सांगितले की डॉक्टरांना उठून यावेच लागते.

पुष्कळ वेळ एका वरकरणी साध्या गोष्टीवर खर्च होतो : रुग्णाची सारी हकीकत एका वाक्यात मांडणे. समजा, साठीच्या एक बाई सांगतात, ‘पोटात गॅस धरला आहे.’ केसपेपरवर ‘गॅसेस’ असे लिहिले गेले की पुढचा सारा विचार पोटातच अडकतो. हेच वाक्य ‘बारा वर्षांचा मधुमेह असलेली साठीची स्त्री, जेवणाशी संबंध नसलेली, दोन तास वाढत गेलेली वरच्या पोटातील घुसमट, सोबत घाम’ असे लिहा. हृदयविकाराची शक्यता आपोआप पुढे येते. मधुमेही व्यक्तींत आणि स्त्रियांत छातीत कळ न येताही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. पहिला ईसीजी निर्दोष आला म्हणून तो नाही असे ठरत नाही. काही तासांनी ईसीजी आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणी पुन्हा करावी लागते. रुग्णाचे शब्द बदलावयाचे नाहीत, त्यांतला अर्थ मोकळा करावयाचा, असे आम्ही या सरावाचे वर्णन करतो. पाहावयास किरकोळ वाटते, पण वीस वर्षे सेवा झालेल्यांनाही असे वाक्य पहिल्या प्रयत्नात सहसा साधत नाही.

निदान मनात पक्के झाल्यावर त्याच्याकडे उलटून पाहण्याची एक रीत नेदरलँड्समधील सिल्विया मामेडे आणि हेंक श्मिट यांनी अभ्यासून मांडली आहे. आपल्या निदानाला काय पुष्टी देते ते लिहा. काय विरोधात जाते ते लिहा. आणि हे निदान खरे असते तर जे दिसावयास हवे होते पण दिसत नाही, तेही लिहा. मग दुसऱ्या शक्यतेसाठी हेच सारे पुन्हा. २०१० साली त्यांनी ३६ निवासी डॉक्टरांवर केलेल्या प्रयोगात असे आढळले की नुकत्याच पाहिलेल्या रोगासारखी लक्षणे समोर आली की दुसऱ्या वर्षाचे डॉक्टर त्या जुन्या निदानाकडे पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांपेक्षा अधिक ओढले जातात, आणि असा उलटा विचार करावयास लावल्यावर ती ओढ सुटते. तिसरी यादी, जे नाही त्याची, ही सर्वांत कठीण जाते. नसलेली गोष्ट डोळ्यांना खुपत नाही.

पावसाळ्यात वर्गाचा बहुतेक वेळ तापावर जातो. मलेरिया, डेंगी, लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफस हे चारही ताप अंगदुखी आणि डोकेदुखी घेऊन येतात. चारांतही प्लेटलेट उतरू शकतात. प्रत्येक रोग स्वतंत्र पाठ करण्याऐवजी चौघांना शेजारी बसवून त्यांच्यातील भेद कोठे आहे, एवढेच पाहिले जाते. पुराच्या पाण्यातून चालणे, लाल डोळे आणि पोटऱ्यांतील तीव्र वेदना यांनी लेप्टोकडे लक्ष जावे. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने हा धडा मोठी किंमत देऊन घेतला. स्क्रब टायफसमध्ये काखेत, जांघेत किंवा स्तनाखाली एक लहानशी काळी खपली असू शकते. सूक्ष्म माइटच्या चाव्याची ती जागा असते, दुखत नाही, म्हणून रुग्ण ती दाखवीत नाही. २०१८ साली विदर्भात या रोगाची साथ आली, तेव्हा अनेकांना त्याचे नाव प्रथमच ऐकू आले. उपचार डॉक्सिसायक्लिनचा, फारच स्वस्त. मात्र ती खपली पाहावयाची तर कपडे बाजूला करून अंग तपासावे लागते, आणि त्यासाठी पडदा, परिचारिका आणि पाच मिनिटे हवीत. गर्दीच्या दिवशी या तिन्हींची टंचाई असते, हे येथे नमूद केलेले बरे.

तपासणीच्या कागदाविषयीही थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण ‘रिपोर्टमध्ये आले’ म्हणजे रोग ठरला, असा समज रुग्णांच्या घरी जितका आहे तितकाच काही वेळा आमच्या व्यवसायातही आढळतो. समजा, एक हजार तापाच्या रुग्णांपैकी खरोखर टायफॉइड दहाच जणांना आहे. एखादी चाचणी त्यांपैकी नऊ जणांना ओळखते, आणि टायफॉइड नसलेल्या दर शंभरांत पाच जणांनाही चुकून ‘आहे’ म्हणते. ‘आहे’ असे सुमारे ५९ कागद निघतील. त्यांत खरे केवळ ९. आता तीच चाचणी ज्यांचा ताप आठवडाभर चढत गेला आहे आणि ज्यांच्यात टायफॉइडची दाट शंका आहे, अशा हजार जणांची करा. त्यांच्यात पाचशे जणांना खरोखर रोग असेल, तर ४७५ ‘आहे’ कागदांत ४५० खरे ठरतात. चाचणी तीच, कागदाचा अर्थ निराळा. आपल्याकडे सर्रास केली जाणारी विडाल चाचणी १८९६ सालची आहे. पूर्वी होऊन गेलेला संसर्ग किंवा घेतलेली लस यांमुळेही ती ‘आहे’ असे सांगू शकते. वर्गात म्हणून नियम असा, की चाचणी लिहिण्यापूर्वी तिचे उत्तर ‘आहे’ आले तर काय करू आणि ‘नाही’ आले तर काय करू, हे सांगावयाचे. दोन्हींना एकच उत्तर येत असेल तर ती चाचणी लिहावयाची नाही.

याउलट हकीकतीचे बळ किती, हे इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे १९७५ साली ८० नव्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात मोजले गेले. त्यांपैकी ६६ जणांचे पुढे कायम ठरलेले निदान हे पाठविणाऱ्या डॉक्टरांचे पत्र आणि रुग्णाची हकीकत एवढ्यावरूनच झाले होते. शारीरिक तपासणीने सात जणांचे निदान बदलले, प्रयोगशाळेने आणखी सात जणांचे. त्यानंतर तपासण्यांचे जग पुष्कळ पुढे गेले, हे खरे. पण कोणती तपासणी करावयाची हे अजूनही हकीकतच ठरविते.

वर्गाचा शेवटचा भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मागील काही आठवड्यांत ज्यांचे निदान बदलले, जे दुसरीकडे गेले किंवा ज्यांना तातडीने परत यावे लागले, त्यांची हकीकत प्रथम तपासणाऱ्या व्यक्तीपर्यंत परत पोहोचवली जाते. यासाठी एक साधी वही ठेवलेली आहे. गावातील ज्या डॉक्टरांनी रुग्ण पाठविला, त्यांनाही अखेरचे निदान पत्राने कळविले जाते. निकाल परत आणण्याची ही कल्पना नवी नाही. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील रिचर्ड कॅबट यांनी १९१२ साली तीन हजार शवविच्छेदनांच्या आधारे हयातीतील निदाने तपासून पाहिली होती आणि त्यावरून समव्यावसायिकांचा रोषही ओढवून घेतला होता. आता शवविच्छेदने जगभर कमी झाली आहेत. वही आणि दूरध्वनी यांवरच भिस्त आहे.

दोष नेमका कशात, याबद्दल जाणकारांत एकमत नाही. मार्क ग्रेबर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली चुकलेल्या निदानांची शंभर प्रकरणे तपासली; पहिली शक्यता पटताच पुढचा विचार थांबविणे, हे त्यांना सर्वाधिक वेळा आढळलेले कारण होते, आणि अपुरे ज्ञान हे कारण क्वचितच. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातील जेफ्री नॉर्मन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली याला हरकत घेतली : मनाच्या खोडींची नावे शिकवून चुका कमी झाल्याचा पुरावा तुटपुंजा आहे, खरी उणीव त्या त्या रोगाच्या ज्ञानाची असते. आमचा कल नॉर्मन यांच्या बाजूने आहे. खोडींची लांबलचक यादी पाठ केलेल्या माणसालाही मण्यार ठाऊक नसेल तर ती सुचणार नाही. म्हणून वर्गात नावांवर फार वेळ घालवीत नाही. रोग, त्यांच्यासारखे दिसणारे दुसरे रोग आणि निकाल यांवरच भर असतो.

खर्च, यंत्रे आणि दुसरे काही प्रश्न

आता देणगीच्या विनियोगाविषयी. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या असतात, आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. त्या निधीतून केलेली प्रत्येक निरर्थक तपासणी दुसऱ्या कोणाच्या तरी आवश्यक तपासणीच्या वाट्यातून जाते. ज्यांना या योजनेचा लाभ मिळत नाही पण ज्यांची मिळकत बेताची आहे, अशांना चुकलेल्या निदानाची झळ सर्वाधिक बसते : तीन ठिकाणी दाखविणे, तीन वेळा प्रवास, बुडालेली मजुरी, कधी गहाण पडलेले दागिने. हा खर्च आपल्या ताळेबंदात दिसत नाही, म्हणून तो नाही असे होत नाही. वर्गाला लागतो तो मुख्यतः वेळ. त्या दुपारी रुग्णांना ताटकळावे लागू नये, यासाठी नेमलेल्या बदली डॉक्टरांचे मानधन हीच त्यातली ठळक बाब आहे.

काही हितचिंतकांनी विचारले आहे की आता संगणक निदान सुचवू लागले असता माणसांना एवढे शिकवावयाचे कशाला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ५० डॉक्टरांपैकी काहींना अशा प्रणालीची मदत देण्यात आली, काहींना केवळ नेहमीची साधने. दोन्ही गटांच्या गुणांत लक्षणीय फरक पडला नाही. ही साधने सुधारत जातील, ती वापरावीतही. परंतु संगणकाला जे सांगितले जाईल त्यावरच तो विचार करणार. मजूर जमिनीवर झोपला होता, हे त्याला कोणीतरी सांगावे लागेल आणि त्याआधी कोणीतरी विचारावे लागेल.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या २०१५ सालच्या अहवालाने चुकलेल्या निदानाची व्याख्या करताना दोन गोष्टी सांगितल्या आहेत : रुग्णाच्या त्रासाचे अचूक आणि वेळेवर स्पष्टीकरण न होणे, किंवा झालेले स्पष्टीकरण रुग्णापर्यंत न पोहोचणे. बहुतेक माणसांच्या वाट्याला आयुष्यात निदान एकदा तरी असा प्रसंग येतो, असेही त्यात म्हटले आहे. व्याख्येचा दुसरा भाग कुटुंबीयांशी थेट निगडित आहे, म्हणून त्यांच्यासाठी काही व्यावहारिक सूचना येथे देत आहोत.

रुग्णाला घेऊन येताना त्रास केव्हा सुरू झाला आणि त्यानंतर कशामागून काय झाले, हे शक्य तर कागदावर लिहून आणावे. ‘गॅस’, ‘अशक्तपणा’, ‘वारे’ असे नाव देण्यापूर्वी प्रत्यक्ष काय होते ते सांगावे. जुने कागद आणि चालू असलेली सर्व औषधे सोबत घ्यावीत; वैद्यांनी दिलेली, दुकानातून आणलेली आणि शेजाऱ्यांनी दिलेलीसुद्धा. रात्री रुग्ण कोठे झोपला होता, पुराच्या किंवा साचलेल्या पाण्यातून चालला होता का, गुराढोरांशी किंवा फवारणीशी संबंध आला का, घरात आणखी कोणी आजारी आहे का, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगावे. रुग्णाजवळ रात्रभर बसलेली व्यक्ती, मग ती घरातील आजी असो वा लहान मुलगी, शक्यतो बरोबर यावी. पुष्कळदा मोठ्या मुलाला केवळ बोलता येते आणि पाहिलेले दुसऱ्याच कोणी असते. निदान सांगितल्यावर दोन प्रश्न अवश्य विचारावेत : ‘याशिवाय दुसरे काय असू शकेल?’ आणि ‘कोणते लक्षण दिसले तर आम्ही लगेच परत यावे?’ असे विचारण्यात डॉक्टरांचा अवमान होत नाही. वर्गातील मंडळींना या प्रश्नांची सवय आहे.

आमच्याकडून गेल्यानंतर दुसऱ्या ठिकाणी वेगळे निदान झाले असेल, तर तो कागद आणून दाखविण्यास संकोच करू नये. नोंदणी खिडकीशेजारील रुग्ण संपर्क कक्षात तो द्यावा. त्याची प्रत काढून मूळ कागद लगेच परत दिला जातो, नाव लिहावयाचे नसल्यास लिहिले जात नाही, आणि ती प्रत पुढच्या पंधरवड्याच्या वर्गात वाचली जाते.